वृत्तपत्रांची नाडीपरीक्षा

‘काय म्हणतो आजचा पेपर?’ हा प्रश्न आपल्याकडे सकाळच्या चहाबरोबर विचारला जातो. प्रश्न साधा आहे, पण त्यात एक गंमत आहे. ‘पेपरात काय आहे’ असे विचारणारा म्हणत नाही. पेपर ‘म्हणतो’ काय, असे तो विचारतो. जणू पेपर हा घरातला कोणी वडीलधारा माणूस असून आज त्याची लहर कशी आहे, तो रागावला आहे की खुशीत आहे, एवढेच त्याला जाणून घ्यावयाचे असते. आमच्या इंदिरानगरात सकाळी फिरावयास निघालेली वृद्ध मंडळी रस्त्यात भेटली की हाच प्रश्न एकमेकांस टाकतात, आणि उत्तरही बहुधा बातमीचे नसते, हवेचे असते. ‘लक्षण काही ठीक दिसत नाही,’ असे एखादे आजोबा म्हणतात, किंवा ‘आज तसे शांत आहे,’ असे सांगून पुढे चालू लागतात.

वर्तमानपत्राच्या सुरावरून पुढचे होणारे ओळखण्याची ही झाली घरगुती विद्या. हीच विद्या आता यंत्रांना शिकविण्यात आली आहे. संगणक लाखो बातम्या वाचतात, त्यांतील कडू शब्द किती आणि गोड शब्द किती ते मोजतात, आणि अमक्या देशात दंगा, बंड किंवा युद्ध होण्याचा संभव किती, याचा आकडा काढून देतात. लोकांना हे शास्त्र अगदी नवे वाटते. वस्तुतः दीडशे वर्षांपूर्वी मुंबई इलाख्यात ते एका सरकारी कचेरीत रीतसर चालत होते. हिशेबाला यंत्र नव्हते, कारकून होते, इतकाच फरक. आणि या शास्त्राची एक फार कठोर परीक्षा झाली ती इंदिरानगरापासून थोड्याच अंतरावर, द्वारकेच्या पलीकडे जुन्या नाशकात, विजयानंद नाट्यगृहात. त्या परीक्षेत कोण उत्तीर्ण झाले आणि कोण नापास, याची ही हकीकत.

१

१८५७ च्या उठावाने इंग्रजांस जो धक्का दिला तो नुसता लष्करी नव्हता. आपण ज्यांच्यावर राज्य करतो त्यांच्या मनात काय शिजत होते याची आपल्याला गंधवार्ता नव्हती, ही टोचणी अधिक खोल होती. त्या वर्षाच्या आरंभी उत्तरेकडे गावोगाव चपात्या फिरल्या. त्या अधिकाऱ्यांच्या नजरेस पडल्या होत्या, त्यांची टिपणेही झाली होती. अर्थ मात्र कोणास लागला नाही. उठाव सुरू होताच जूनमध्ये लॉर्ड कॅनिंगने छापखान्यांवर एक वर्षाचा निर्बंध घातला. परंतु तोंड दाबल्याने मन कळत नाही, हे राज्यकर्त्यांच्याही लवकरच ध्यानात आले. देशी भाषांत वर्तमानपत्रे वाढत होती आणि ती वाचता येणारे इंग्रज अधिकारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

यातून एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात एक नवीन प्रकार निघाला. प्रत्येक प्रांतात देशी पत्रांतील मजकुराचा इंग्रजी गोषवारा काढून तो वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे गुप्तपणे पाठवावयाचा. मुंबई इलाख्यात हे काम ‘ओरिएंटल ट्रान्सलेटर’ म्हणजे सरकारी भाषांतरकाराच्या कचेरीकडे होते. मराठी, गुजराती, कानडी, सिंधी, उर्दू अशा सर्व भाषांतील पत्रे तेथे येत. दर आठवड्यास ‘रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स’ या नावाचे पुस्तक छापून तयार होई. त्यात आरंभी पत्रांची यादी असे. कोणत्या गावचे पत्र, कोणत्या भाषेतले, संपादक कोण, खप किती, हे सारे तीत नमूद असे. मग राजकारण व राज्यकारभार, कायदे, शिक्षण, रेल्वे, नगरपालिका, संस्थाने अशा सदरांखाली अमुक पत्र अमुक म्हणते, तमुक पत्र तक्रार करते, असे उतारे असत. आज इतिहासाच्या अभ्यासकांना हे खंड म्हणजे सोन्याची खाण वाटतात. ज्या पत्रांचा एकही अंक कोठे शिल्लक नाही त्यांचा आवाज या गुप्त पुस्तकांत ऐकू येतो. आपल्या पूर्वजांचा राग जपून ठेवण्याचे काम, हेतू वेगळा असला तरी, इंग्रजांच्या दप्तराने केले!

या कचेरीत बसणारी माणसे बहुतेक आपलीच होती. सकाळी घरी ‘केसरी’ वाचावयाचा आणि अकरा वाजता कचेरीत जाऊन त्याच ‘केसरी’चे इंग्रजी करावयाचे, अशी त्यांची दुहेरी नोकरी. शब्दांचा अर्थ ती लिहून देत. शब्दांमागचा सूर ती कशी लिहून देणार? खरी अडचण येथून सुरू होते.

२

१८९६ च्या उत्तरार्धात मुंबईत प्लेग आला आणि थोड्याच महिन्यांत पुण्यात शिरला. १८९७ च्या फेब्रुवारीत रँडसाहेबांची प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमणूक झाली. मार्चपासून मेपर्यंत गोऱ्या शिपायांकडून घरांच्या झडत्या चालल्या. देवघरात बूट घालून शिरणे, सामान रस्त्यावर फेकणे, धडधाकट माणसास रोगी म्हणून ओढून नेणे, अशा तक्रारींनी वर्तमानपत्रे भरून गेली. येथे लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, तक्रार करणारी पत्रे एका रंगाची नव्हती. टिळकांचे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ तर होतेच. पण ज्यांचे टिळकांशी हाडवैर होते तीही पत्रे या बाबतीत त्याच सुरात बोलत होती. टिळकांनी हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ काढून सरकारच्या उपायांस हातभारही लावला होता. अर्थात हा द्रोहाचा सूर नव्हता. घर जळत असलेल्या माणसाने शेजाऱ्यास घातलेली ती हाक होती.

गोषवारे वाचणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे हे सारे दर आठवड्यास येत होते. चार महिने नाडी धडधडत होती आणि ती पाहण्यासाठी नेमलेला वैद्य ठोके मोजीत होता. २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव साजरा करून परतताना, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या.

मग सरकारने जुने अंक काढले. १५ जूनच्या ‘केसरी’त शिवराज्याभिषेकोत्सवाचा वृत्तान्त होता, अफजलखानाच्या वधाची चर्चा होती आणि शिवाजी महाराज बोलत आहेत अशी कल्पना करून लिहिलेली कविता होती. १५ ला लेख आणि २२ ला खून, म्हणजे लेखामुळेच खून, असा हिशेब मांडला गेला. चाफेकरांचा त्या लेखांशी संबंध असल्याचे कोणी सिद्ध केले नाही. तसे सिद्ध करण्याची सरकारला गरजही वाटली नाही. खटला राजद्रोहाच्या १२४-अ कलमाखाली होता. त्या कलमात सरकारविषयी ‘डिसअफेक्शन’ म्हणजे अप्रीती उत्पन्न करणे हा गुन्हा सांगितला होता. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला अर्थ समजावून दिला की, अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव! या व्याख्येची त्या काळी फार चेष्टा झाली. प्रीती नसणे हा गुन्हा ठरला तर निम्मी सासुरवाडी तुरुंगात जावयाची. सहा जणांनी दोषी म्हटले, तीन हिंदी ज्यूरर ‘निर्दोषी’ म्हणाले, आणि १४ सप्टेंबरला टिळकांस अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

विनोद सोडून दिला तर स्ट्रेचीसाहेबांची व्याख्या आजच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. मजकुरात प्रीती किती आणि अप्रीती किती हे मोजणे, हेच तर आजचे यंत्र करते. फरक हा की यंत्र आकडा सांगून थांबते. त्या न्यायालयाने आकड्याला शिक्षा दिली.

३

सूर मोजण्याच्या कामात मराठी भाषा मोठी अवघड आहे. इंग्रजीत एका शब्दाने भागते तेथे आपल्याकडे खून आहे, हत्या आहे आणि वधही आहे. खुनी फासावर जातो, हत्येचे पाप लागते आणि वध करणाऱ्याची आरती होते. तिन्ही ठिकाणी रक्त सांडले, पण तीन शब्दांत तीन निवाडे आहेत. भाषांतरकाराने तिन्हींना एकच शब्द वापरला की निवाडा नाहीसा झाला, नुसते रक्त उरले.

त्याहूनही बिकट प्रकार शिवराम महादेव परांजप्यांच्या ‘काळ’चा. १८९८ साली सुरू झालेल्या या साप्ताहिकाने वक्रोक्ती हे शस्त्र असे परजले की सरकारी दुभाष्यांना घाम फुटावा. परांजपे सरकारची स्तुती करू लागले म्हणजे वाचकाने सावध व्हावे. ओळीओळीत गोड शब्द, आणि लेख संपता संपता अंगाचा तिळपापड! असा लेख गोड-कडू शब्द मोजणाऱ्या यंत्रापुढे ठेवला तर यंत्र म्हणेल, हा मनुष्य सरकारवर फार खूष आहे. आपल्याकडे साध्या घरगुती बोलण्यातही ‘वा, छान केलेत!’ याचा अर्थ छान केले असा होतोच असे नाही. पुण्यातील संशोधकांनी २०२१ साली सुमारे सोळा हजार मराठी ट्वीटांवर अनुकूल, प्रतिकूल, तटस्थ अशा खुणा करून यंत्राला मराठी मनाची बाराखडी गिरवावयास दिली, हे फार चांगले झाले. पण या भाषेत बाराखडीनंतर वक्रोक्तीचा धडा असतो, आणि तो शेवटपर्यंत पाठ होत नाही.

१९०८ साली हा प्रश्न पुन्हा न्यायालयात आला. ३० एप्रिलला मुझफ्फरपूरला बाँब फुटला. त्यावर ‘केसरी’ने जे अग्रलेख लिहिले त्यांतील ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांवरून टिळकांवर दुसरा खटला झाला. टिळकांचे म्हणणे थोडक्यात असे होते, की दडपशाही वाढली की बाँब येतो. तेव्हा बाँब नको असेल तर दडपशाही थांबवा. म्हणजे त्यांनी भविष्य सांगितले होते आणि उपायही सांगितला होता. सरकारने भविष्य सांगणारालाच धरले. टिळकांनी स्वतः बाजू मांडताना पुष्कळ वेळ आपल्या मराठीच्या सरकारी भाषांतरातील चुका दाखविण्यात घालविला. मराठी न जाणणारे ज्यूरर मराठी लेखाचा सूर ठरविणार, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. २२ जुलैला सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले आणि सहा वर्षांसाठी मंडालेला गेले. त्याच महिन्यात परांजप्यांनाही एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी टिळकांसाठी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. त्यानंतर मराठी पत्रांचे दोन सर्वांत मोठे आवाज बंद झाले. बाकीच्यांनी शब्द तोलून लिहिण्यास आरंभ केला. साहेबाला वाटले असेल, ताप उतरला.

४

आता आपण नाशकास येऊ. तीळभांडेश्वराच्या गल्लीतील तरुणांनी १९०० साली ‘मित्रमेळा’ काढला होता. १९०४ मध्ये त्याचे ‘अभिनव भारत’ झाले. विनायकराव सावरकर लंडनला गेले तरी थोरले बंधू बाबाराव येथे काम पाहत होते. या गल्लीत पायांनी पंगू असलेले एक कवी राहत. त्यांचे नाव गोविंद त्र्यंबक दरेकर. महाराष्ट्र त्यांना कवी गोविंद म्हणून ओळखतो. त्यांची स्फूर्तिदायक पदे बाबारावांनी ‘लघु अभिनव भारत माला’ या नावाने छापली. पदांत देव होते, दैत्य होते, शिवाजी महाराज होते. वरून पाहणाऱ्याला ही कीर्तनातली सामग्री.

१९०९ च्या फेब्रुवारीअखेर बाबारावांना पकडण्यात आले. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी खटला पुढे पाठविला, आणि ८ जूनला सेशन्स न्यायाधीशाने जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली. अपील हायकोर्टात गेले. तेथे न्यायमूर्ती नारायणराव चंदावरकर होते. त्यांना या पदांतला सूर समजावून देण्यास दुभाष्या नको होता. त्यांनी नोव्हेंबरमध्ये निकाल दिला, त्याचा मथितार्थ असा, की देवांची आणि वीरांची नावे हे निमित्त आहे. खरा उपदेश चालू सरकारविरुद्ध युद्धाचा आहे. शिक्षा कायम झाली.

वाचकहो, येथे थोडे थांबावयास हवे. चंदावरकरांचे वाचन चुकीचे होते काय? मुळीच नव्हते. पदे खरोखरच सशस्त्र युद्धाची होती, आणि ज्यांनी ती छापली त्यांनीही पुढे कधी ते नाकारले नाही. स्ट्रेचीसाहेबांनी राईचा पर्वत केला होता. चंदावरकरांनी पर्वताला पर्वतच म्हटले. सुरावरून संघर्ष ओळखण्याच्या शास्त्रात याहून अचूक उदाहरण सापडणे कठीण. कोणत्याही सरकारने अशा पदांकडे डोळेझाक केली नसती, हेही न्यायाने म्हटले पाहिजे. पण पदे छापल्याबद्दल आयुष्यभराचे काळे पाणी! औषधाची मात्रा अशी होती की ती पाहून निरोगी माणसालाही ताप भरावा.

आणि तसेच झाले. औरंगाबादेस, म्हणजे निजामाच्या राज्यात, अनंत लक्ष्मण कान्हेरे नावाचा अठरा वर्षांच्या आतबाहेरचा विद्यार्थी शिकत होता. बाबारावांच्या शिक्षेची वार्ता त्याच्या मनात जाऊन बसली. लंडनहून विनायकरावांनी चतुर्भुज अमीन यांच्या पेटीतल्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग पिस्तुले धाडली होती. त्यांतले एक नाशकाच्या मंडळींमार्फत कान्हेऱ्यांच्या हाती आले.

ज्यांच्यावर हे पिस्तूल रोखले जावयाचे होते ते जॅक्सन म्हणजे कोणी रँड नव्हेत. त्यांना संस्कृत येत होते, लोकांच्या रीतिरिवाजांविषयी त्यांना मनापासून कुतूहल होते, आणि गावकरी त्यांना पंडित म्हणत. गुजरात व कोकण या भागांतील लोकसमजुतींची त्यांनी गोळा केलेली टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर एन्थोवेनने प्रसिद्ध केली. त्यांची मुंबईस बदली झाली तेव्हा निरोपादाखल विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘संगीत शारदा’चा प्रयोग ठरला. २१ डिसेंबर १९०९ ची रात्र. देवलांचे ते नाटक, म्हाताऱ्या नवऱ्याला विकल्या जाणाऱ्या मुलीचे. गाव जमलेले, दिवे लागलेले. जॅक्सन आत शिरले आणि कान्हेऱ्यांनी गोळ्या झाडल्या.

१९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात अनंत कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना फाशी झाली. नाशिक कटाच्या खटल्यात ३८ जण उभे राहिले. विनायकराव लंडनहून धरून आणले गेले आणि अंदमानात थोरल्या भावाच्या वाटेने गेले. १९१० च्या फेब्रुवारीत सरकारने छापखान्यांवर आणखी कडक कायदा आणला, आणि त्याच्या तडाख्यात ‘काळ’ कायमचा मिटला.

विजयानंदमधील गोळी वर्तमानपत्र वाचून कळली असती काय? कळली नसती, असेच म्हणावे लागते. औरंगाबादच्या खोलीत बसलेल्या एका मुलाचा निश्चय कोणत्याही अग्रलेखात उमटत नाही. वर्तमानपत्र सांगते ते गावाचे तापमान. कोणत्या घरात ठिणगी पडेल हे त्याला सांगता येत नाही. पण गावाचे तापमान तरी सांगता आले असते, जर मोठी पत्रे मोकळी असती तर. १९०८ मध्ये सरकारने उष्णतामापक फोडला आणि १९०९ मध्ये ताप कळला नाही म्हणून कपाळाला हात लावला. मुळात जे वाचले होते, अगदी अचूक वाचले होते, त्याचा उपयोग समजून घेण्याकडे न होता चिरडण्याकडे झाला. आणि चिरडण्यातूनच ती गोळी आली. भविष्य ओळखण्याची रीतच भविष्य घडविते, ती अशी.

५

नाशकाच्या या अनुभवानंतर जगात हे शास्त्र पुष्कळ पुढे गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी शत्रूचा रेडिओ ऐकून त्याचे मन ओळखण्याच्या कचेऱ्या निघाल्या. इंग्लंडात बीबीसीने हे काम १९३९ मध्ये सुरू केले, अमेरिकेत १९४१ मध्ये सुरू झाले. त्या अमेरिकन कचेरीने ६ डिसेंबर १९४१ रोजी आपला पहिला विश्लेषणात्मक अहवाल काढला. त्यात नोंद होती की, टोकियो रेडिओचा अमेरिकेविषयीचा सूर फार कडवट झाला आहे, आणि पूर्वीच्या तणावाच्या वेळी तो जी शांततेची भाषा बोले ती या वेळी ऐकू येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पर्ल हार्बरवर बाँब पडले. सूर अचूक ओळखला होता. पण कोठे आणि केव्हा हे सुरात नव्हते, आणि वाचणाराला एक दिवसही मिळाला नाही.

२०११ साली कॅलेव लीतारू या अमेरिकन संशोधकाने बीबीसीच्या त्याच परंपरेतील तीस वर्षांची भाषांतरे महासंगणकाकडून तपासून घेतली. इजिप्तविषयीच्या बातम्यांचा सूर जानेवारी २०११ मध्ये इतका खाली गेला होता, की तसा तो त्या तीस वर्षांत फक्त दोनदा गेला होता, १९९१ च्या आखाती युद्धात आणि २००३ च्या इराकवरील स्वारीत. फेब्रुवारीत मुबारक यांची सत्ता गेली. मात्र हे गणित मुबारक गेल्यावर मांडलेले होते, हे विसरू नये. निकाल लागल्यावर पत्रिका पाहणारे ज्योतिषी आपल्याकडेही पुष्कळ आहेत. पुढे २०१८ मध्ये म्यूलर आणि राऊ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी इंग्रजी पत्रांतील सुमारे सात लाख लेख यंत्राकडून वाचवून घेतले, आणि एक विचार करण्यासारखी गोष्ट दाखविली. जो देश एरवी शांत आहे तेथे दंगलीच्या शब्दांची वाट पाहत बसण्यापेक्षा पत्रांत कोणते विषय वाढतात आणि कोणते कमी होतात, हे पाहणे अधिक उपयोगी पडते. माणसे स्थिरपणे नांदत असल्याच्या खुणाही मजकुरात असतात, आणि त्या मोजल्याखेरीज हिशेब पुरा होत नाही. आपल्या आज्यांना हे ठाऊक होते. घरात भांडण चालू आहे तोवर त्यांना चिंता नसे. भांडी आपटण्याचा आवाज बंद झाला की त्या उठून आत जात.

आणखी एक भेद यंत्राला शिकवावा लागेल. राग आणि तिरस्कार या दोन वेगळ्या वस्तू आहेत. १८९७ च्या मराठी पत्रांत राग होता. राग हा न्याय मागतो. रवांडात १९९३ साली सुरू झालेल्या एका रेडिओकेंद्राने शेजारी राहणाऱ्या तुत्सी लोकांना झुरळे म्हणण्याचा परिपाठ ठेवला. झुरळाकडे कोणी न्याय मागत नाही, झुरळ चिरडतात. १९९४ च्या एप्रिलपासून सुमारे शंभर दिवसांत लाखो माणसे मारली गेली. मोठमोठ्या शब्दांनी ओरडणाऱ्या पत्राचे एक वेळ भय नाही. माणसाला माणूस म्हणावयाचे जेथे थांबले, तेथे धोक्याची घंटा वाजली असे समजावे.

६

हे सर्व दूरचे आणि जुने वाटत असेल तर नाशिकच्या शेजारची एक गोष्ट सांगून संपवितो. २०१८ च्या उन्हाळ्यात ‘मुले पळविणारी टोळी आली आहे’ अशी अफवा मोबाईलवरून महाराष्ट्रभर फिरत होती. वर्तमानपत्रांत तिचे खंडन येत होते, पण भीतीचे वास्तव्य आता कागदावर राहिले नव्हते. ती खिशाखिशांत फिरत होती. १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे बाजाराच्या दिवशी जमावाने पाच निरपराध माणसांना ठार केले. ती भिक्षा मागत गावोगाव फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसे होती. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना आपण दारी आल्यावर पसाभर धान्य घातले, त्यांनाच अफवेने राक्षस केले.

त्याच सुमारास मालेगावातही त्याच अफवेने जमाव गोळा झाला. लहान मुलासह पाच माणसे त्याच्या तावडीत सापडली होती. पण तेथे पोलीस वेळेवर मध्ये पडले आणि पाचही जीव वाचले. अफवा तीच, भीती तीच, आठवडाही तोच. फरक एवढाच की एके ठिकाणी मध्ये पडणारा माणूस वेळेवर पोहोचला.

सूर ओळखण्याच्या शास्त्राचा सारा अर्थ मला या फरकात दिसतो. मुंबईच्या भाषांतर कचेरीत सूर ओळखला जात होता. वॉशिंग्टनलाही ओळखला गेला. ओळखण्यात फारशी खोट नव्हती. खोट होती ती ओळखल्यावर काय करावयाचे यात. वैद्य नाडी पाहतो ती औषध देण्यासाठी, आणि पोलीस मनगट धरतो ते बेडी घालण्यासाठी. दोघांच्याही बोटांखाली तोच ठोका लागतो. १८७० साली दंडसंहितेत शिरलेले ते अप्रीतीचे कलम इंग्रज गेल्यावरही आपल्याकडे राहिले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या वापरास स्थगिती दिली, आणि २०२४ च्या जुलैपासून ती जुनी दंडसंहिताच मागे पडून नवी न्यायसंहिता आली. पण कलमे बदलली तरी मनगट कशासाठी धरावयाचे हा प्रश्न प्रत्येक राज्यकर्त्यापुढे नव्याने येतो, आणि आता त्याच्या हाती लाखो मनगटे एका वेळी पाहणारे यंत्र आहे. ते यंत्र मालेगावला वेळेवर माणूस धाडण्यासाठी वापरले तर ती मोठी देणगी ठरेल. ते पुन्हा अप्रीती मोजण्यास बसले तर विजयानंदची रात्र विसरल्यासारखे होईल.

यंत्राचे यंत्र पाहील, आपले काय? दिवाळीच्या चार दिवसांत घरी माणसे जमतात, फराळ होतो, गप्पा रंगतात. त्या गप्पांत कोणाविषयी तरी ‘ही माणसेच तसली’ असे वाक्य येऊन जाते, आणि चकलीच्या तुकड्याबरोबर आपण ते गिळून टाकतो. पेपराचा सूर आपल्याच बोलण्यातून तयार होतो. तेव्हा उद्या सकाळी इंदिरानगरच्या रस्त्यावर एखाद्या आजोबांनी ‘काय म्हणतो आजचा पेपर?’ असे विचारले, तर उत्तर देण्यापूर्वी काल रात्री आपण काय म्हणालो हे एकदा आठवून पाहावे. लक्षण ठीक दिसत नसेल तर नुसती मान हलवून पुढे न जाता थोडे थांबावे. मध्ये पडणारा माणूस कोणीतरी असावा लागतो.